डाव्याले डावी, उजव्याले उजवी

अमडापूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय प्रसेनजित,

तुझं पत्र शुक्रवारी शाळेच्या पत्त्यावर आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि ते न फोडता पर्समध्ये ठेवून चौथीच्या दोन तासिका घेतल्या. चार वर्षांनी भावाने लिहिलेल्या पत्रात काय काय असू शकतं, याचा विचार करत फळ्यावर भागाकार लिहीत होते. दोनदा चुकले. पोरींनी सांगितलं.

आत चार ओळी. माणिकराव गेले, राजकुमार वडिलांच्या दोन्ही जुन्या गाड्या विकतोय, त्यातली एक तू घेतोयस, तर कोणती घेऊ. 'फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला भांडण होतं म्हणून लिहून विचारतो. दोन्ही गाड्या जवळून पाहिलेलं घरात तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही.'

हे खरं आहे, म्हणून नीट उत्तर देते.

दोघी एका वयाच्या. जग्वार पासष्ट सालची, इंग्लंडची. पोर्शे सहासष्टची, जर्मनीची. माणिकरावांनी दोन्ही इंदूरच्या एका घरातून आणल्या आणि देऊळगाव राजाला, त्यांच्या कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात शेजारी शेजारी उभ्या केल्या. पोर्शे स्वतःच्या चाकांवर चालत आत गेली होती. जग्वार ट्रकमधून आली, अर्धी अंगावर आणि अर्धी खोक्यांत.

दिसायला जग्वारच. ओल्या राखेचा रंग, आणि नाक एवढं लांब की कोपऱ्यावर आधी नाक दिसतं, चालवणारा बऱ्याच वेळाने. बाबा म्हणायचे, 'हे गाडी चिखलीले पोचते तवा माणूस अजून अमडापुरातच रायते.' पोर्शे सायीच्या रंगाची, बुटकी, पाठीत गोल. तिच्याकडे कोणी वळून बघत नाही, पण एकदा बघितलं की बघत राहतं.

जग्वारचं इंजिन पुढे, चार लिटरच्या वरचं. पाय ठेवला की गाडी पुढे जात नाही, रस्ता मागे ओढला जातो. पण उन्हाळ्यात अर्धं लक्ष तापमानाच्या काट्यावर ठेवावं लागतं. पोर्शेचं इंजिन त्याच्या निम्म्याहून लहान, मागच्या चाकांच्याही मागे, आणि ते वाऱ्यानेच थंड होतं. 'हिचं काळीज पाठीत हाय,' हेही बाबांचंच. एका खोलीत वीस शिलाई मशीन चालाव्यात तसा तिचा आवाज.

पोर्शेला एक खोड आहे, ती लपवत नाही. वळणात घाबरून एकदम पाय काढलास तर शेपटी बाहेर जाते. पण ही खोड साऱ्या जगाला माहीत आहे, लिहून ठेवलेली आहे. जी खोड माहीत असते तिच्याशी जमवून घेता येतं. शिवाय तिचं स्टिअरिंग डावीकडे. हैदरचाचा म्हणतात, 'ह्या गाडीत एक फायदा हाय बेटा, पानवाल्याशी बोलाले मान वाकडी करा लागत नाही.' हैदरचाचा आठवतात ना तुला? बाबांच्या बरोबर एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये टायरच्या कामावर होते. आता देऊळगाव राजाच्या स्टँडसमोर त्यांचं पंक्चरचं दुकान आहे.

पोर्शेला मागे दोन छोट्या सीट आहेत. मोठं माणूस पाय दुमडून बसेल, पण बसेल. जग्वार दोघांचीच. तिसऱ्याला जागा नाही.

आणि चाकं. पोर्शेच्या चाकाला पाच नट, आपल्या साध्या गाड्यांसारखे. जग्वारच्या तारांच्या चाकाला मधोमध एकच, दोन कानांचा. तो पान्याने नाही, तांब्याच्या हातोड्याने कानावर ठोकून आवळायचा. दिसतो सुंदर. पण एका चाकाला एकच नट, एवढं लक्षात घे.

माझं मत पोर्शे. जग्वारचा विचार सोड. पुण्यातल्या गल्ल्यांत ते नाक वळणार नाही, स्पेअर मिळणार नाहीत, उन्हाळ्यात तापेल. अजूनही कारणं आहेत, पण एवढी पुरेत.

समता कशी आहे? लेक आता एकोणीसची झाली असेल.

तुझी,
मंजूताई


अमडापूर
२२ जानेवारी २०२५

प्रिय प्रसेनजित,

या वेळी पत्र लगेच फोडलं.

मी पोर्शे सांगितली आणि तू जग्वारचा व्यवहार पक्का केलास. लहानपणी मी 'विहिरीकडे जाऊ नको' म्हटलं की तू तिकडेच जायचास, तसंच. पण तू जे कारण लिहिलंस ते वाचून मला थोडा वेळ गच्चीवर जाऊन उभं राहावं लागलं. 'पोर्शेला बाबांचा हात लागलेला नाही ताई. जग्वारचा स्क्रू न् स्क्रू त्यांनी बसवला. मला गाडी नकोच आहे, मला ते हवं आहे.'

तू विचारलंस की त्या मे महिन्यातल्या भांडणाबद्दल बाबा नंतर काही बोलले का. बोलले नाहीत. तुझं वाक्य मात्र त्यांनी जपून ठेवलं होतं. 'बाबा, फुकटात त्या माणसाच्या गाडीखाली पडून राहता. आज डोक्यावर घेतील. ज्या दिवशी तुमची एक चूक निघेल, त्या दिवशी चपलेजवळ उभं करतील.' आणि बाबा म्हणाले होते, 'चूक निघाली तं ना.' तू बॅग उचललीस. नंतर कधी कामाला निघताना डबा घेऊन उंबऱ्यात थांबायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, 'चूक निघाली तं ना.' मग जायचे.

ते काम कसं चालायचं हे तू पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. गोदामात एक लोखंडी टेबल, त्यावर जुनी चादर, आणि चादरीवर जग्वारची हाडं मांडून ठेवलेली. मी रविवारी जायचे. खोक्यांवरची इंग्रजी नावं वाचून दाखवायची, हे माझं काम. बाबांना इंग्रजी फक्त आकड्यांपुरतं यायचं. पण हातात घेतलेली वस्तू कुठे बसते हे त्यांना नावाशिवाय कळायचं.

चाकांच्या हबवर चिठ्ठी नव्हती. हब म्हणजे ज्यावर चाक बसतं आणि वरून तो कानांचा नट फिरतो ते. चार हब, चार नट. त्यांतल्या दोघांना नेहमीचे आटे, घड्याळाच्या काट्यासारखे फिरवले की आवळणारे. दोघांना उलटे. जालन्याच्या क्रोमवाल्याने नटांवरची जुनी अक्षरं घासून सपाट केली होती. कोणते कुठे हे कसं ठरवायचं? बाबांना विचारच करावा लागला नाही. तीस वर्षं बस आणि ट्रकची चाकं काढली-घातली होती. 'डाव्याले डावी, उजव्याले उजवी,' म्हणाले. डाव्या चाकाला डावी चुडी, म्हणजे उलटे आटे. हैदरचाचा तिथेच होते. ते टायरकडे वळले.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी माणिकरावांनी सत्कार केला. जिनिंगच्या अंगणात पन्नास-साठ माणसं. बाबा सवयीप्रमाणे कडेला, हमालांच्या रांगेत उभे. माणिकराव माईकवरून म्हणाले, 'पुंजाजी मिस्त्री, तिथं काऊन उभे? ही खुर्ची तुमच्यासाठीच हाय.' बाबा बसले. पाठ न टेकवता, पण बसले. भिंतीवर पाटी लावली, 'ही गाडी पुंजाजी मिस्त्री यांनी उभी केली'. ती अजून आहे.

तू लिहिलंस की तेव्हा मी तुला मेसेज केला होता, 'कंपनीचं पुस्तक आलं, त्यातही बाबांनी केलं तसंच आहे,' आणि तू उत्तर दिलं नाहीस, त्याचं तुला अजून वाईट वाटतं. वाटून घेऊ नकोस. त्या मेसेजचं तर मुळीच नको.

आता कामाचं. तू नऊ फेब्रुवारीला, रविवारी, येऊन गाडी स्वतः पुण्याला चालवत नेणार म्हणतोस. तीनशे किलोमीटर. जग्वार दुरुस्त झाल्यापासून एका दमात बारा किलोमीटरच्या पुढे गेलेली नाही. बालाजीच्या देवळापर्यंत, फार तर बायपासपर्यंत. आणि प्रत्येक वेळी निघण्याआधी बाबा चारही नट ठोकून घ्यायचे. पहिल्याच फेरीनंतर डाव्या बाजूचे नट थोडे फिरलेले त्यांना दिसले होते. 'नव्या तारा हायेत, बसाले येळ लागते,' म्हणायचे. बाबांनंतर ते काम मी करते. राजकुमार गाडी काढणार असला की आदल्या दिवशी फोन करतो, मी चिखलीवरून बस पकडते. पर्समध्ये तांब्याचा हातोडा असतो. एकदा कंडक्टरने पर्स उचलून वर ठेवली आणि विचारलं, 'मॅडम, दगड घेऊन चालल्या का?' मी म्हटलं, हाव. चार वर्षं झाली.

म्हणून माझा विचार आहे की रविवारी मी तुझ्याबरोबर येते. शेजारी बसेन. दर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबू, मी उतरून नट ठोकेन, तू चहा पी. जालना, मग संभाजीनगर, मग पुढे. रमतगमत जाऊ. चार वर्षांचं बोलायचं आहे. नाही म्हणू नकोस.

मंजूताई


अमडापूर
३१ जानेवारी २०२५

प्रसेन,

तू नाही म्हणालास, आणि तेही इतक्या मायेने की रागावता येत नाही. 'ताई, तू येते म्हणालीस यातच सगळं आलं. पण शेजारच्या सीटवर समता बसणार, आजोबांची गाडी म्हणून नाचतेय. तू बसने ये, आपण पुण्यात भेटू.'

शिवाय राजकुमारने तुला पाठवलेला व्हिडिओ तू मला फोनवर पाठवलास. सव्वीस जानेवारीचा. ध्वजवंदन झाल्यावर त्याने गाडी जालना रोडवर काढली. काटा एकशे दहावर. मागे कोणीतरी हसतंय. 'बघ बाबांचं काम,' तू खाली लिहिलंस.

मला त्याने फोन केला नव्हता. माझ्या शाळेतही त्या दिवशी ध्वजवंदन होतं, आणि मी पोरींच्या कवायतीत होते. एकशे दहा. न ठोकलेल्या नटांवर.

काल तुला फोन लावला. तू उचललास. मागे समता कुणाशी तरी हसत होती. मी विचारलं, जेवलास का. तू म्हणालास, 'ताई, दुपारचे चार वाजलेत.' मग मी समताला स्वेटर घेऊन यायला सांग म्हटलं आणि ठेवून दिला.

लिहून सांगणं जमेल असं वाटतं.

ती गाडी चालवू नकोस. चाकांचे आटे उलटसुलट बसलेत. बस-ट्रकच्या चाकाला सात-आठ नट असतात, गोलात. तिथे डाव्याला डावी हा नियम बरोबर आहे. पण जिथे मधोमध एकच नट असतो तिथे नियम बरोबर उलटा. डाव्या चाकाला साधे आटे, उजव्याला उलटे. तसं असलं की चाक धावताना नट आपोआप आवळत जातो. बाबांनी ट्रकचा नियम लावला. म्हणून आपल्या गाडीत चाक जितकं धावतं तितका नट सुटत जातो. हळूहळू, पण थांबत नाही. तारा बसत नव्हत्या. चारही नट उघडत होते. आपण ते पुन्हा पुन्हा ठोकत होतो.

बाबांची चूक झाली, प्रसेन. त्यांचं वय झालं होतं, आणि आपल्याला सगळं येतं असं त्यांना वाटायचं. कोणाला विचारलं नाही. तू म्हणाला होतास तेच झालं. वाईट वाटून घेऊ नकोस, पण गाडी तिथेच राहू दे. राजकुमारला मी काहीतरी सांगेन.


देऊळगाव राजा, माणिकरावांचं गोदाम
८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

प्रसेनजित,

हे पत्र तुला जग्वारच्या सीटवर मिळेल. सोबत ३१ तारखेचं पत्र आहे. ते मी लिहिलं, घडी घातली, पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले. कालपर्यंत स्वतःला सांगत होते की अजून वेळ आहे. खरं कारण वेगळं होतं. ते पत्र पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की त्यातलं यंत्राबद्दलचं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि बाबांबद्दलचं प्रत्येक वाक्य खोटं. 'कोणाला विचारलं नाही' असं मी लिहिलं. त्यांनी विचारलं होतं. मला.

सत्काराच्या दोन दिवस आधी पुस्तक आलं. माणिकरावांनी इंग्लंडहून मागवलेलं, तेलाचे डाग पडलेलं कंपनीचं पुस्तक. बाबांनी हात धुतले, चष्मा नसताना चष्मा असल्यासारखे जवळ बसले आणि म्हणाले, 'मंजू, चाकाचं काय लिहेल हाय ते वाच. बाकी मले पक्कं हाय. पण ह्या गाडीले नट एकच हाय, म्हनून मनात आलं.'

बघ, त्यांच्या मनात आलं होतं. तीस वर्षांची सवय बाजूला ठेवून त्यांनी विचारलं होतं.

मी पान काढलं. चित्र होतं, खाली तीन ओळी. डाव्या बाजूला उजवे आटे, उजव्या बाजूला डावे. नट उघडायचा असेल तर वरचा कान गाडीच्या पुढच्या दिशेने ठोकावा, दोन्ही बाजूंना. मी तीनदा वाचलं. बाहेर अंगणात मांडवाचे बांबू उतरवत होते. तुझं वाक्य माझ्या कानात होतं, चूक निघेल त्या दिवशी. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर हे उद्या माणिकरावांकडे जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगतील, गप्प बसणारे ते नाहीत, आणि सत्काराची ती खुर्ची त्यांना मिळणार नाही. एकदा खुर्चीवर बसू देत. आठ दिवसांनी सांगू. हब बदलायला कितीसा वेळ लागतो.

'काय लिहेल हाय?'

'तुम्ही केलं तसंच, बाबा.'

ते हसले. 'मंग. मी का गाढव हो?' आणि मग हळूच, 'प्रसेनले कळव.'

मी त्यांच्यासमोरच तुला मेसेज केला. त्यांनी फोन हातात घेऊन पाहिला, चष्म्याशिवाय वाचता येत असल्यासारखा.

आठ दिवस कधी झालेच नाहीत. आधी पाटी लागली. मग वर्तमानपत्रात फोटो आला. मग खामगावहून एक माणूस त्यांना भेटायला आला. प्रत्येक गोष्टीनंतर सांगणं आदल्या दिवसापेक्षा जड झालं. मग ते आजारी पडले. शेवटच्या आठवड्यात बोलणं कमी झालं होतं. एका दुपारी मी पेज भरवत होते, त्यांनी चमचा हाताने बाजूला केला. 'मंजू, पुस्तकात तसंच लिहेल हाय ना?'

म्हणजे त्यांना संशय होता. प्रत्येक फेरीनंतर नट फिरलेला त्यांच्या हाताला कळत होता. त्या हाताला न कळणं शक्यच नव्हतं. पण पोरीने पुस्तकातून वाचून सांगितलं होतं, म्हणून ते स्वतःच्या हातावर विश्वास ठेवत नव्हते.

मी म्हटलं, हो बाबा, तसंच आहे.

हे मी चार वर्षं हातोड्याने ठोकत होते.

आज सकाळी हैदरचाचांना सगळं सांगितलं. ते पंक्चर काढत होते, ट्यूब पाण्यात धरलेली तशीच राहिली. म्हणाले, 'मले तवाच शक आला होता बेटा. जवानीत जालन्यात एका साहेबाची तारांच्या चाकाची गाडी होती, तिची चुडी उल्टी पाह्यली होती मी. पण पुंजाजीसमोर कोन बोलते? तो म्हनला असता, हैदर, तू टायर पाह्य.' मग ट्यूब पाण्यातून काढून, 'बोलाले पाह्यजे होतं.'

त्यांनी एक मार्ग काढला. मला मोह झाला, म्हणून तोही लिहिते. म्हणाले, 'तुह्या भावाले चार दिवस थांबव. काहीबाही कारन सांग. मी हब इकडचे तिकडे बदलून टाकतो. गाडी चांगली होईल, पुंजाजीचं नाव बी राहीन, तुहं बी. कोनाले समजते?' खरंच कोणाला समजलं नसतं. तू आयुष्यभर गाडी चालवली असतीस आणि समताला सांगितलं असतंस की आजोबांचं काम बघ. आणि तुझ्या मनात कायमचं राहिलं असतं की बाप चुकत नव्हता आणि आपण उगाच त्याला बोललो. ते ओझं मी तुला मेसेज करून दिलंय. ते तुझ्याकडे राहू देता येणार नाही.

मग राजकुमारला बोलावलं. त्याला वाटलं कागदांचं काही असेल. मी सांगत गेले तसा तो आधी चिडला. 'ताई, व्यवहार झाल्यावर सांगून राह्यल्या हे?' खुर्ची तिथेच होती, बाबांची. मग तिच्यावर बसला. 'सव्वीस तारखेले माही पोरगी होती बाजूले,' म्हणाला. 'तेच हसून राह्यली होती व्हिडिओत.' सहा वर्षांची आहे ती.

थोड्या वेळाने तो उठला, भिंतीवरची पाटी काढली आणि भिंतीकडे तोंड करून खाली ठेवली. मी म्हटलं, राजकुमार, बाबांनी मला विचारलं होतं, मी खोटं सांगितलं. त्याने ऐकलं. पण पाटी परत लावली नाही. खाली जिथे ठेवली तिथे हमालांच्या चपला असतात. तुझं वाक्य खरं झालं, प्रसेन. बाबांमुळे नाही.

उद्या तू समताला घेऊन येशील तेव्हा गाडी लाकडी ठोकळ्यांवर असेल. चाकं भिंतीला टेकवून ठेवली आहेत. चारही नट मी घेऊन चालले आहे, अमडापूरला. रागावून राजकुमारकडे दुसरे मागू नकोस, त्याच्याकडे नाहीत, आणि असते तरी तेही याच आट्यांवर चढले असते. हैदरचाचांनी जॅकसुद्धा दुकानात नेऊन ठेवलाय. हब बदलायला त्यांना तीन दिवस लागतील. ते तू सांगितल्यावरच हात लावतील, तुझ्यासमोर.

नट हवे असतील तर तुला घरी यावं लागेल. पुस्तक तिथेच टेबलावर ठेवलेलं असेल, चाकांच्या पानावर उघडून. या वेळी तू स्वतः वाच. मी आतल्या खोलीत बसेन. वाचून झाल्यावर हाक मारायची की तसंच निघायचं हे तू ठरव. समताला मात्र दोन घास खाऊ घालीन म्हणते, तेवढं अडवू नकोस.

नट काढतानाचं एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय पाकीट बंद होणार नाही.

आम्ही चाकं खालीच असताना नट सैल करायला घेतले, उजवीकडून. उजव्या मागच्याला चार घाव लागले. पुढच्याला दोन. डाव्या मागच्याला एक. मला बरं वाटायला लागलं होतं. वाटलं, इतकंही वाईट नाही, मी उगाच घाबरले.

मग डावं पुढचं. समता ज्या बाजूला बसणार होती ते. नटाच्या कानावर बोट फिरवलं, क्रोमच्या खाली घासून गेलेली अक्षरं अजून लागतात, त्यात इंग्रजीत 'राइट', म्हणजे उजवीकडचा, असं लिहिलंय. हातोडा उचलला. हैदरचाचांनी नुसता पंजा ठेवला नटावर, आणि तो फिरला. एक वेढा. दुसरा. बरणीच्या झाकणासारखा.

'बेटा,' ते म्हणाले, 'हातोडा ठेव खाली.'